कुठले सर

कवठे महांकाळच्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवायला लागले, त्या दिवशी हेडमास्तरांनी "ह्या पवारबाई" एवढं सांगून मला स्टाफरूममध्ये सोडलं आणि ते निघून गेले. कोपऱ्यात पांढरी टोपी घातलेले एक वयस्क गृहस्थ फाटक्या नकाशाला मागून कापड चिकटवत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कुठले?"

मला वाटलं, नकाशाबद्दल बोलताहेत. मी इकडंतिकडं बघितलं.

"पवार कुठले?"

"सासरचे," मी म्हणाले. स्टाफरूममधले सगळे हसले, पण ते हसले नाहीत. त्यांना ते उत्तर व्यवस्थित पोचलं होतं. त्यांनी पुढचा प्रश्न टाकला, "मग माहेरचे कोण?"

"जगताप. लोणंदचे."

"लोणंद बाजारपेठ. तिथलं मूळचं कोण नसतं. तुमची मंडळी सासवडाकडची. आजोबा कांद्याच्या व्यापाराला आले असतील."

आजोबा खरोखरच कांद्याच्या अडतीवर दिवाणजी होते. मी होय म्हटलं. त्यांनी खळीचं बोट धोतराला लागणार नाही अशा बेताने पुसलं आणि म्हणाले, "बसा." मला नोकरीत घेतलं संस्थेने, पण शाळेत घेतलं ते त्या 'बसा'ने, असं मला पुढं नेहमी वाटायचं.

त्यांचं नाव मस्टरवर जी. बी. शिंदे असं होतं. पण शिंदे सर म्हटलं तर शिपाईसुद्धा क्षणभर विचारात पडायचा. पोरं त्यांना कुठले सर म्हणायची, पोरांचे आईबाप म्हणायचे, आणि बाजारातला पानवालाही म्हणायचा. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा एक पालक वर्गाच्या दाराशी येऊन "कुठले सर हायत का?" असं विचारते झाले, तर आतून हेच म्हणाले, "हायत. तुमी कुठले?"

ते भूगोल शिकवायचे. पण त्यांचा भूगोल हजेरीपासून सुरू व्हायचा. जून महिन्यात नवा वर्ग आला की पहिला आठवडा पुस्तक उघडायचं नाही. प्रत्येक पोरानं उभं राहून आडनाव सांगायचं आणि सरांनी विचारायचं, कुठले? पोरगं म्हणायचं, हितलंच. सर म्हणायचे, हितलं कुणीच नसतं, घरी विचारून ये. दुसऱ्या दिवशी पोरगं आजीला विचारून यायचं, की आमी मूळचे नदीकाठचे, पटकी आली तवा हिकडं आलो. मग सर नदी दाखवायचे, घाट दाखवायचे, पाऊस कुठं पडतो आणि कुठं हुलकावणी देतो ते सांगायचे. आठवड्याच्या शेवटी फळ्यावर सगळा जिल्हा उभा राहायचा आणि त्यात प्रत्येक पोराच्या घराची वाट असायची.

आडनाव ह्या गोष्टीबद्दल त्यांची काही ठाम मतं होती. आडनाव म्हणजे रक्त नव्हे, पत्ता आहे, हे त्यांचं आवडतं वाक्य. माणूस गाव सोडून गेला की नव्या गावचे लोक त्याला जुन्या गावावरून ओळखतात. गाव सांगता येत नसेल तर धंद्यावरून ओळखतात. धंदाही सांगण्यासारखा नसेल तर रंगारूपावरून. "आणि रंगारूपावरून पडलेलं नाव सगळ्यांत पक्कं," असं ते म्हणायचे, "कारण गाव बदलतं, धंदा बसतो, पण नाक तेच राहतं."

इतकं सगळ्यांचं विचारणारा हा माणूस स्वतःचं मात्र सांगायचा नाही. मी एकदा चहाच्या वेळी सहज विचारलं, की सर, शिंदे कुठले? तर म्हणाले, "मी शाळेतला." एकटेच राहायचे, हाताने स्वयंपाक करायचे. लग्न का केलं नाही ते कुणाला माहीत नव्हतं. आणि टोपी कधी काढायचे नाहीत. झेंडावंदनाला टोपी, परीक्षेला टोपी, शाळेच्या फोटोत टोपी. एकदा वाऱ्याने उडाली तर दोन्ही हातांनी डोकं झाकून तिच्यामागं धावले, असं पोरं शपथेवर सांगत.

एकदा तपासणीला मोठे साहेब आले. नकाशे जुने आहेत, भिंतीवर तक्ते नाहीत, अमुक नाही, तमुक नाही, असं टिपत टिपत ते भूगोलाच्या वर्गात पोचले. हेडमास्तरांना घाम फुटलेला. सरांनी साहेबांना नमस्कार केला, आडनाव ऐकलं आणि विचारलं, कुठले? साहेबांनी कपाळाला आठ्या घालून गाव सांगितलं. सर म्हणाले, त्या गावात वेशीजवळ गोड पाण्याची विहीर आहे आणि आत मचूळ पाण्याची. गोड्या विहिरीकडचे तुम्ही की मचूळकडचे? साहेबांची लेखणी थांबली. ते मचूळकडचे होते, आणि त्यांच्या आजीने जन्मभर गोडं पाणी लांबून वाहिलं होतं. मग जे बोलणं लागलं ते जेवणाची वेळ टळली तरी संपेना. शेरा काय लिहिला ते मला माहीत नाही. पण जाताना साहेबांनी सरांना वाकून नमस्कार केला, हे मी बघितलं.

मी यायच्या आधीची एक गोष्ट शाळेत सगळ्यांच्या तोंडी होती. आठवीच्या एका वर्गात दोन काळे आले. एक विलास काळे. तो मूळचा म्हसवडजवळच्या एका गावचा, शिकायला इथं मामाकडं राहिलेला. दुसरा त्याच गावचा. त्याच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतलेला, आणि इथं तो वसतिगृहात राहायचा. सरांनी हजेरीच्या क्रमाने दोघांना एका बाकावर बसवलं. विलासचा मामा दुसऱ्या दिवशी शाळेत आला आणि म्हणाला, त्यो काळे आमच्यातला न्हाई. सर म्हणाले, "मी कुठं म्हटलं तुमच्यातला आहे? काळे बामणांत आहेत, मराठ्यांत आहेत, माळ्यांत आहेत, धनगरांत आहेत. आपल्या देशावर ऊन सगळ्यांवर सारखं पडतं. ज्याला जास्त लागलं तो काळे." पोरं दहावीपर्यंत त्याच बाकावर बसली, आणि मामा पुन्हा आला नाही.

हाच विलास पुढं सांगलीला डिप्लोमा करून पुण्याच्या एका कारखान्यात लागला, आणि कारखान्याने त्याला यंत्रांचं शिक्षण घ्यायला जर्मनीला पाठवलं. दुष्काळाची वर्षं सरून गेली होती. कवठ्यात त्याचं नाव अधूनमधून निघायचं ते कौतुकाने.

कार्तिक सरत आला होता. एका सकाळी मधल्या सुट्टीत विलास स्टाफरूमच्या दारात उभा. अंगात चांगला कोट, पण चेहरा नापास झालेल्या पोराचा. सरांनी त्याला खुर्ची दिली, तर तो बाकावर बसला, आणि हळूहळू त्याने सगळं सांगितलं.

तो जर्मनीहून एका मुलीला घेऊन आला होता. उर्सुला तिचं नाव. तो तिथं शिकायला होता त्याच कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात काम करायची. दोघांचं लग्न ठरलं होतं, पण ते म्हसवडच्या सिद्धनाथाच्या साक्षीनं आपल्या गावात व्हावं, ही विलासची इच्छा. वडील लहानपणीच गेलेले. घरात आई, आणि घरचं सगळं बघणारे थोरले चुलते, लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. सुभेदार मोठ्या लढाईत इटलीत जर्मनांच्या समोर उभे राहिलेले. विलासला भीती त्यांचीच होती. पण सुभेदारांनी दारातच पोरीकडं बघून "हेंडे होख" असा हुकूम सोडला. हात वर, एवढंच जर्मन त्यांना येत होतं. पोरीनं हसत दोन्ही हात वर केले. सुभेदार म्हणाले, शरण आली, ओवाळा. बायकांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि ती आत आली. तासाभरात उर्सुलाची सुला झाली. विलासचा जीव भांड्यात पडला.

मग चहा आला. विलासने तिला वाटेत एक मराठी वाक्य शिकवलं होतं. सगळे बसल्यावर ती उठून उभी राहिली, हात जोडले आणि म्हणाली, "माझं नाव उर्सुला काले."

घरभर आनंद. तिला ळ म्हणता येत नाही ह्याचंही कौतुक झालं. आत्याबाई म्हणाल्या, बगा, लगीन हुयाच्या आदीच नवऱ्याचं आडनाव लावाय लागली. विलासला त्यातली गंमत सांगितल्याशिवाय राहवलं नाही. तो म्हणाला, न्हाई आत्या, ते तिचं तिचंच आडनाव हाय. तिचा बापबी कालेच.

सुभेदारांनी कप खाली ठेवला.

"मग काय म्हणाले?" सरांनी विचारलं.

विलास मान खाली घालून म्हणाला, "म्हणाले, जर्मन हाय ह्याला माजी हरकत न्हाई. काळे हाय ह्याला हाय. काळ्याच्या घरात काळ्याची लेक, ही भाऊकी झाली. बहीण लागती ती तुला."

मला हसू फुटलं आणि मी पदर तोंडाशी नेला. पण सर हसले नाहीत. मग माझ्याही लक्षात आलं, की ह्यात हसण्यासारखं काही नाही. सुभेदार ऐकणार नव्हते. विलास तिला सोडणार नव्हता. परतीची तिकिटं काढलेली होती. सुभेदारांच्या नकाराने तो गेला असता तर पुन्हा त्या उंबऱ्यात आला नसता, आणि आई मागं एकटी राहिली असती.

"चुलते म्हणाले, फक्त कुठल्या सरांचं ऐकीन," विलास म्हणाला. "आडनावाचा निवाडा त्यांनीच करावा."

सरांनी त्याच्याकडं बघितलं. "कुठले?"

"काय सर?"

"काळे. कुठले?"

"जर्मनीतले, सर."

"जर्मनी केवढी आहे ते मी तुला शिकवलंय. जर्मनीत कुठले?"

विलास उठून उभा राहिला, जणू वर्गातच होता. "उत्तरेकडचे. हॅनोव्हरच्या बाजूचे."

सर युरोपच्या नकाशाजवळ गेले, हॅनोव्हरवर बोट ठेवलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, बाई, उद्या रविवार आहे. पोरीशी बोलायला माझं इंग्रजी पुरणार नाही, तुम्ही चला. माझ्या सासूबाईंनी एरवी मला परक्या गावी जाऊ दिलं नसतं. पण सोयरिकीचं काम आहे म्हटल्यावर त्यांनीच डबा बांधून दिला.

एस.टी.त कंडक्टर आमच्यापाशी आला आणि म्हणाला, "कुठलं?" सर म्हणाले, "म्हसवड. तुमी कुठले?" कंडक्टर म्हणाला, मीबी म्हसवडचाच. सर म्हणाले, आडनाव माने असणार. तो म्हणाला, व्हय की. त्यानंतर त्याने आमची जागा खिडकीकडची करून दिली.

आटपाडी मागं पडली. दोन्ही बाजूंना माळ, मेंढरं आणि बाभळी. सर बाहेर बघतच म्हणाले, "बाई, तुम्ही मला एकदा विचारलं होतं, शिंदे कुठले म्हणून."

मी त्यांच्याकडं वळले.

त्यांनी सांगितलं ते थोडकंच. तरुणपणी त्यांच्या मावशीच्या शेजारी एक मुलगी होती, वत्सला नावाची. ह्यांनी तिला पाहिलेलं, तिनं ह्यांना. दोघांच्याही मनात होतं. मावशीने गोष्ट काढली, दोन्ही घरं बरी होती, आणि तिथंच कुणीतरी म्हणालं की अरे, तेही शिंदे. वडिलांनी पुढचं ऐकलंच नाही. बहीण लागते म्हणाले, आणि विषय संपला. वर्षाच्या आत तिचं दुसरीकडं झालं. पुढं कधीतरी सरांनी चौकशी केली, तेव्हा कळलं की ते लोक वेगळे, देवक वेगळं, कूळ वेगळं. शिंद्यांच्या वाडीत राहायला आले म्हणून त्यांना शिंदे म्हणायला लागले होते. नात्याचा संबंध काडीइतका नव्हता.

"एक प्रश्न विचारायचा राहिला, बाई," ते म्हणाले. "कुठले? एवढाच. माझ्या वडलांनी विचारला नाही आणि मला सुचला नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना विचारतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या डोळ्यांत नव्हतं. ते टोपी सारखी करून पुन्हा बाहेर बघायला लागले.

सुभेदारांचं घर धाब्याचं, अंगणात कडुनिंब. घोंगड्या अंथरलेल्या. भाऊकीतले चारजण मुद्दाम बोलावलेले, निवाडा ऐकायला. उंच, गोरी, दोन वेण्या घातलेली ती पोरगी आईच्या शेजारी जमिनीवर बसून लसूण सोलत होती. सोलता येत नव्हता, पण सोडत नव्हती. विलासची आई मला आत घेऊन गेली आणि हात धरून म्हणाली, "बाई, सून काळी आसू दे न्हाईतर गोरी. पर त्यो ह्यावेळंला गेला तर मला परत दिसायचा न्हाई. तेवढं सरास्नी सांगा." मी म्हटलं, त्यांना ठाऊक आहे.

सुभेदार ताठ बसले होते. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, की पोरीत खोट न्हाई, लय गुणाची हाय. पण आडनाव एक म्हंजे रक्त एक. उद्या भाऊकी तोंडात शेण घालंल.

सर म्हणाले, "सुभेदार, तुमच्या गावात काळ्यांची घरं किती?"

"आमची सात."

"आणि गावकुसाबाहेर?"

सुभेदार थांबले. "ती येगळी."

"त्यातला एक तुमच्या विलासच्या बाकावर बसत होता. तेव्हा तुमच्याकडचे पाहुणे मला येऊन म्हणाले, त्यो आमच्यातला न्हाई. ज्याचं गाव एक, शाळा एक, बाक एक, त्यो काळे तुमचा भाऊ न्हाई. आन सात समुद्रापलीकडचा काळे तुमचा भाऊ? कसा काय, सुभेदार?"

भाऊकीतल्या एकाने उगाच पागोटं सारखं केलं. सुभेदारांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता उठतात. पण लढाई बघितलेला माणूस होता, मार कुठं बसला ते त्याला कळतं. ते म्हणाले, "त्ये खरं हाय. पर सर, तिचं मूळ काय त्ये तरी कळू द्या. लोकास्नी सांगाय कायतरी लागंल."

मग चौकशी सुरू झाली. मी मधे बसले. सर विचारायचे, मी इंग्रजीत सांगायची, ती उत्तर द्यायची, मी मराठीत फिरवायची. माझ्या पुस्तकी इंग्रजीची इतकी कसोटी वर्गात कधी लागली नव्हती. एखादी सोयरीक ठरवताना विचारतात तेच सगळं सरांनी विचारलं. तुमच्या आडनावाची घरं कुठं जास्त? ती म्हणाली, आमच्या उत्तरेकडं भरपूर, आमच्या गावच्या फोनच्या पुस्तकात रांगच्या रांग आहे. दक्षिणेकडं जा, क्वचित सापडेल. लिहिता कसं? तिने बोटाने मातीत लिहून दाखवलं. मधे एक ह आहे, तो लिहायचा पण म्हणायचा नाही. सुभेदार म्हणाले, तिला सांगा, आमचं उलटं हाय, ह लिवायचा न्हाई पर म्हणायचा, हितं, हिकडं. तेवढ्याने थोडं हसू झालं.

"सगळे एकाच बुंध्याचे का?" सरांनी विचारलं.

तिला तो प्रश्नच आधी कळला नाही. कळल्यावर ती म्हणाली, छे, मुळीच नाही. गावोगावचे वेगवेगळे. असं नाव कुठंही पडू शकतं.

"का?" सर पुढं झुकले. "अर्थ काय त्याचा?"

ती बोलायला लागली आणि तिला इंग्रजी शब्दच आठवेना. तिने विलासकडं बघितलं. विलासने खांदे उडवले. इतकी वर्षं प्रेम करून त्याने हे विचारलं नव्हतं. सर त्याच्याकडं बघून नुसते "हं" म्हणाले. मग ती उठून आत गेली आणि पिशवीतून बापाचा फोटो घेऊन आली. दणकट माणूस, मोठ्या मिशा, आणि डोकं तुळतुळीत. तिने फोटोतल्या डोक्यावर बोट ठेवलं. मग स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मान हलवली, इथं नाही. फोटोवर पुन्हा बोट, इथं आहे. काले.

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मला अंदाज आला होता, पण तो शब्द चारचौघांत म्हणायचा संकोच वाटला.

तेव्हा सरांनी टोपी काढली.

इतक्या वर्षांत ते डोकं कुणी बघितलं नसेल. विलास तर आ वासून बघत राहिला. सर तिच्यापुढं मान झुकवून म्हणाले, "हे का?"

ती टाळी वाजवून म्हणाली, "या, या! काले!"

"टकले," सर म्हणाले. ते सुभेदारांकडं वळले, टोपी हातातच. "सुभेदार, ती काळे न्हाई. टकले हाय. तुमी उन्हानं झालासा, ती माणसं वयानं झाली. पोरगी टकल्यांची, घर काळ्यांचं. काय अडतंय?"

सुरुवात आत्याबाईंनी केली. मग आतल्या बायका हसल्या, भाऊकीतले हसले, आणि सुभेदार हसताना पुढं मागं व्हायला लागले. विलासची आई हसता हसता रडायला लागली आणि पोरीनं लसणाच्या हातांनी तिला धरलं. मी खोटं कशाला बोलू, मीही रडले. मोठं ओझं उतरल्यावर माणसाला बसायला जागा लागते, तसं सगळं अंगण सैल होऊन बसलं.

"बात खतम," सुभेदार डोळे पुसत म्हणाले. "टकल्यांची सोयरीक कबूल हाय." मग थोडं थांबून त्यांनी घरच्या गड्याला हाक मारली आणि सांगितलं, की गावकुसाबाहेर जाऊन त्या काळ्यांस्नी लग्नाचं आवतण दे. म्हणावं, सुभेदारांनी सांगितलंय. सर टोपी घालायची विसरले.

लग्न त्याच आठवड्यात झालं, सिद्धनाथाच्या रथाच्या यात्रेआधी. शाळेने सुट्टी दिली नाही, पण हेडमास्तर स्वतःच आल्यामुळं तो प्रश्न मिटला. बाकावरचा दुसरा काळे आता सांगलीला बँकेत होता. तो आला, आणि मांडवात पाहुण्यांना बसवायचं काम त्यानेच अंगावर घेतलं. मांडवात एकच अडचण होती, मुलीकडचं कुणीच नव्हतं. भटजींनी विचारलं, कन्यादान कोण करणार? सुला विलासच्या कानात काहीतरी बोलली. विलास हसत सरांकडं आला आणि म्हणाला, ती म्हणते, इथं खरे काले तुम्हीच.

सर नको म्हणतील असं मला वाटलं. ते उठले, टोपी काढून बाजूला ठेवली आणि पाटावर जाऊन बसले. भटजी कुरकुरले. कन्यादानाला जोडीनं बसावं लागतं, सरांच्या सौभाग्यवती कुठं आहेत?

"हजर नाहीत," सर म्हणाले. हजेरी घेताना म्हणायचे त्याच आवाजात.

बायको हजर नसली की त्याला उपाय आहे. भटजींनी एक सुपारी दिली आणि धोतराच्या कडोसरीला लावायला सांगितलं. सरांनी ती हातात घेऊन क्षणभर बघितली आणि नीट खोचली. ती सुपारी कुणाची, हे त्या मांडवात मला एकटीला माहीत होतं. मग त्या परदेशी पोरीचा हात त्यांच्या हातात आला, वरून पाण्याची धार पडली, आणि कूळ विचारल्यावर सरांनी ठणकावून सांगितलं, टकले.

संध्याकाळच्या एस.टी.त बरीच गर्दी होती. मला मागं जागा मिळाली. सर माझ्या पुढच्या बाकावर, एका म्हातारीच्या शेजारी. टोपी मांडीवर, आणि उघड्या डोक्यावर अक्षतांचे चार दाणे तसेच. हातात ती सुपारी होती, अंगठ्याने फिरवत होते.

गाडी सुटल्यावर म्हातारीनं त्यांच्याकडं निरखून बघितलं आणि विचारलं, "पावणं, कुठलं?"

मी कान दिला. त्यांचं ठरलेलं उत्तर मला पाठ होतं.

"मुलीकडचं," सर म्हणाले.

म्हातारीनं ते खरंच धरलं. पोरगी देऊन आलेला माणूस आणि तोंडावर हसू, हे काही तिला जुळेना. ती म्हणाली, "लेक दिऊन आलासा, आन हसताय?"

"लय वर्सं अडलं हुतं, आक्का," सर म्हणाले. "आज लागलं."